मेलबर्नमधला मित्र म्हणतो, 'भाडेकरू कुणीही चालेल, फक्त आफ्रिकन नको'. याला काय उत्तर द्यायचं?

वेस्टगेटपलीकडचा:

मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

माझा एक जुना रूममेट आहे. खरं नाव नको, बंड्या म्हणू. २००९ साली आम्ही दोघं मेलबर्नमध्ये विद्यार्थी होतो. मी एका गोदामात रात्रपाळी करायचो, तो टॅक्सी चालवायचा. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: त्या वर्षी इथे भारतीय विद्यार्थ्यांवर एकामागून एक हल्ले झाले. स्टेशनांवर, ट्रेनमध्ये, घरी चालत जाताना. पोलिसांचा सल्ला काय, तर मोबाईल-आयपॉड बाहेर काढू नका आणि आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका. म्हणजे मार खाणाऱ्यानेच आवाज खाली करायचा. ३१ मेला मोर्चा निघाला आणि मुलं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरच्या चौकात ठाण मांडून बसली. पहाटे पोलिसांनी उठवलं. बंड्या त्यात होता, आणि पुढे आठवडाभर त्याला आवाजच नव्हता.

घराचंही तेच. एजंट फोनवर आडनाव विचारायचा आणि घर 'आत्ताच गेलं' असायचं. दुसऱ्या दिवशी जाहिरात तिथेच.

आता बंड्याचं टार्नीट या मेलबर्नच्या उपनगरात दुसरं घर झालंय, ते भाड्याने द्यायचंय. आलेल्या अर्जांतला सगळ्यात चोख अर्ज एका दक्षिण सुदानी कुटुंबाचा. नवरा-बायको दोघं कायम नोकरीत, आधीच्या मालकाचं चांगलं पत्र. बंड्याने ग्रुपवर लिहिलं, 'अर्ज बरा आहे, पण आफ्रिकन नकोत रे बाबा. आपल्यातलं कुणी असेल तर सांगा.' खाली अंगठ्यांची रांग.

मी म्हटलं, अरे २००९ विसरलास का? तर म्हणाला, 'तो वंशवाद होता. ही खबरदारी आहे.' वर हेही, की आपण स्वतः सावळे, आपण कसले वंशवादी? ते गोऱ्यांचं काम.

हा माणूस दुष्ट नाही हो. माझ्या वडिलांच्या आजारपणात तिकिटाचे पैसे न विचारता देणारा आहे. म्हणूनच डोक्यात जातंय. याच्याशी बोलायचं कसं, की वैर न घेता विषय सोडून द्यायचा?

---

हिशेबी:

धागाकर्ते, भावना बाजूला ठेवा. घर त्याचं, कर्ज त्याचं, हप्ता चुकला तर बँक तुमच्या दारात येणार नाही. २०१८ च्या सुमाराला इथे 'आफ्रिकन गँग'वरून जो गदारोळ झाला तेव्हाचे आकडे बघा. सुदानमध्ये जन्मलेले लोक व्हिक्टोरियाच्या (मेलबर्न ज्या राज्यात आहे ते) लोकसंख्येत साधारण ०.१ टक्का, आणि संशयित गुन्हेगारांत १ टक्का. म्हणजे दहापट. ही आकडेवारी आहे, द्वेष नव्हे. भाडेकरू निवडताना प्रत्येक जण जोखीम बघतो.

---

वेस्टगेटपलीकडचा:

हिशेबीराव, तुमचेच आकडे घेऊ. संशयितांत १ टक्का, म्हणजे उरलेले ९९ टक्के दुसरे कुणीतरी. त्यांना घर द्यायला बंड्या घाबरत नाही. शिवाय सुदानहून आलेल्यांत तरुण पोरांचं प्रमाण जास्त, आणि रस्त्यावरचे गुन्हे कुठल्याही समाजात तरुण पोरंच जास्त करतात. आणि त्या आकड्यांतला एकही माणूस या अर्जात नाही. अर्जात आहेत दोन पगारपत्रकं. जोखीम बघायची तर ती बघा की.

जानेवारी २०१८ मध्ये पीटर डटन म्हणाले होते की मेलबर्नमध्ये लोक रात्री जेवायला बाहेर पडायला घाबरतात. तेव्हाचे केंद्रीय गृहखात्याचे मंत्री. आम्ही मेलबर्नकर त्या वेळी कुठल्या ना कुठल्या हॉटेलाबाहेर टेबलासाठी ताटकळत होतो. तरी त्या वाक्याचे फॉरवर्ड आमच्याच ग्रुपवर सगळ्यात जोरात फिरले.

---

आसामची सून:

भाऊ, यासाठी मेलबर्न गाठायची गरज नाही. मी मराठी, नवरा गुवाहाटीचा, सात-आठ वर्षं दिल्लीत काढली. पोलिसांचा तो 'मोठ्याने बोलू नका' सल्ला वाचून हसावं की रडावं कळेना, कारण २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. त्यात काय, तर अंगभर कपडे घाला, आणि आखुनी (आंबवलेलं सोयाबीन), बांबूचे कोंब असले वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास होणार नाही असे शिजवा. तोच सूर, फक्त गणवेश खाकी.

आम्ही घर बघायला जायचो तेव्हा मी एकटी गेले की 'या, बसा, पाणी घ्या'. नवरा आला की मालकीणबाईंची नजर आधी त्याच्या डोळ्यांवर, मग माझ्यावर, आणि मग पुतण्या येणार असल्याची आठवण. या पुतण्यांनी अर्धी दक्षिण दिल्ली भरलेली असावी.

२०१४ च्या जानेवारीत लाजपत नगरमध्ये अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याच्या केसांवरून टिंगल झाली, मारहाण झाली, आणि तो गेला. त्यानंतर सरकारने ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांवर बेझबरुआ समिती नेमली. तेव्हा ऑफिसात मला एक सहकारी म्हणाला, 'वाईट झालं, पण याला वंशवाद नको म्हणायला, तो परदेशात असतो.' हाच गृहस्थ ऑस्ट्रेलियातल्या बातम्यांवर तावातावाने बोलायचा. त्याला मी उत्तर दिलं नाही. नवरा मात्र घरी आल्यावर एवढंच म्हणाला, 'माझ्यासाठी दिल्लीच परदेश आहे.'

तुमच्या मित्राशी बोला. गप्प बसू नका.

---

थर्डमॅन:

क्रिकेटवाल्यांना हे आधीच कळायला हवं होतं. ऑक्टोबर २००७, ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स. आधी वडोदऱ्यात आणि मग आपल्या वानखेडेवर प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढले. आपल्याकडचं उत्तर: गंमत करत होते, पोरं आहेत. जानेवारी २००८ मध्ये सिडनीत हरभजनवर सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप आला, तीन कसोटींची बंदी लागली, तर देशाची अब्रू गेली म्हणून आकाशपाताळ एक. अपिलात न्या. हॅन्सन यांनी वंशवादाचा आरोप सिद्ध होत नाही म्हणून बंदी उठवली आणि अर्वाच्य बोलण्याबद्दल दंड केला, ते ठीक. पण हरभजन निर्दोष ठरला म्हणजे वानखेडेही निर्दोष ठरलं, असा हिशेब आपण परस्पर लावून टाकला.

मग २०२१, पुन्हा सिडनी. प्रेक्षकांतून शिवीगाळ झाली म्हणून सिराज सीमारेषेवरून पंचांकडे चालत आला, खेळ थांबला. तेव्हा मात्र 'पोरं आहेत' कुणी म्हणालं नाही. आणि बरोबरच होतं ते. मी दोन्ही वेळी टीव्हीसमोर होतो.

---

परामट्टाकर:

माझं थोडं वेगळं. २००९ च्या जूनमध्ये मी सिडनीत हॅरिस पार्कला राहायचो. तिथेही आपली पोरं रस्त्यावर उतरली होती, पण तिथे तक्रार गोऱ्यांविरुद्ध नव्हतीच. ती होती लेबनीज पोरांच्या टोळक्यांविरुद्ध. भारतातल्या वाहिन्यांना ते अडचणीचं होतं. 'गोरा मारतोय' ही बातमी, 'एक स्थलांतरित दुसऱ्याला मारतोय' ही नाही.

आणि विद्यापीठात मला शिकवलं की वंशवाद म्हणजे पूर्वग्रह अधिक सत्ता. सत्ता गोऱ्यांकडे, म्हणून बाकीच्यांचा तो नुसता पूर्वग्रह. जबड्याला टाके पडलेल्या माझ्या मित्राला ही व्याख्या जाऊन सांगा. नियम एक तरी ठेवा किंवा कुणालाच लावू नका.

---

हिशेबी:

परामट्टाकर +१. हेच म्हणतोय मी. सगळेच करतात, मग भारतीयालाच संत का व्हायला सांगता? इटालियन-ग्रीक आले त्यांना शिव्या, ते स्थिरावले आणि व्हिएतनामींना नावं ठेवू लागले. रांग आहे ती.

---

वेस्टगेटपलीकडचा:

परामट्टाकर, तुमच्या मित्राबद्दल वाईट वाटलं. त्याला मारणाऱ्याला मी 'नुसता पूर्वग्रह' म्हणणार नाही. पण ती व्याख्या टाकून देऊ नका, मला ती इथे फार कामाची वाटते. फक्त सत्ता कायम एकाच रंगाच्या खिशात असते हे मी मानत नाही. या देशाचं पार्लमेंट बंड्याच्या हातात नाही, कबूल. बढतीच्या वेळी आजही त्याला डावललं जातं, तेही कबूल. त्याबद्दल तो बोलतो तेव्हा मी त्याच्या बाजूने असतो. पण टार्नीटच्या त्या घरापुरता निर्णय कुणाचा? कुणाची मुलं कुठल्या शाळेत जाणार, कोण आणखी महिनाभर नातेवाइकांच्या हॉलमध्ये झोपणार, हे आज बंड्याच्या एका फोनवर आहे. २००९ मध्ये तो फोन एजंटकडे होता. आता मालक तो आहे.

आणि हिशेबीराव, संत व्हा कोण म्हणतंय? गोऱ्या मालकाने बंड्याच्या अर्जाला जे करू नये असं बंड्याला वाटतं, तेवढंच. बाकी रांगेचं म्हणाल तर ती खरी आहे. गोरेतरांना रोखणाऱ्या 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' धोरणाचे उरलेसुरले नियम १९७३ मध्ये व्हिटलम सरकारने काढले, आणि त्यानंतर व्हिएतनामी आले, आपण आलो, सुदानी आले. आपल्याआधी आलेल्यांनी आपल्यासाठी दार धरलं नसेल, पण कायदा बदलायला भांडलेले लोकही होतेच की, त्यांत गोरेही होते. त्यांची आठवण रांगेत उभं राहिल्यावर कुणी काढत नाही.

आसामची सून, ताई, पुतण्याचा किस्सा मी ग्रुपवर टाकू का?

---

आसामची सून:

टाका. नाव नका देऊ.

---

चावीवाली:

मी मेलबर्नमध्येच भाड्याच्या घरांचं काम बघते, म्हणून तात्त्विक चर्चा तुम्हाला लखलाभ, मी कामाचं सांगते.

व्हिक्टोरियात इक्वल ऑपॉर्च्युनिटी ॲक्ट २०१० आहे. वंश, वर्ण, राष्ट्रीयत्व या कारणांवरून घर नाकारता येत नाही. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल आणि एखादी खोली देत असेल तर सूट मिळू शकते, पण टार्नीटच्या रिकाम्या घराला ती लागू नाही. दुसरं, मालकाने सांगितलं म्हणून एजंटने केलं तरी एजंट सुटत नाही, आणि सांगणारा मालकही सुटत नाही. अर्जदार राज्याच्या समान संधी आयोगाकडे जाऊ शकतो किंवा थेट व्हिकॅटमध्ये, म्हणजे राज्याच्या न्यायाधिकरणात. बंड्याने एजंटला हे मेसेजवर लिहून दिलं असेल तर पुरावा त्याने स्वतःच बनवून ठेवलाय. असले मेसेज मालक लोक किती सहज पाठवतात, तुम्हाला अंदाज नाही. आणि सगळ्या मालकांची आडनावं गोरी नसतात.

शहाणा एजंट असेल तर त्याने हे ऐकून घ्यायलाच नको होतं. 'उत्पन्न आणि आधीच्या मालकाचं पत्र यावर क्रम लावू' एवढं म्हणून विषय संपवायचा असतो.

---

वेस्टगेटपलीकडचा:

बंड्याशी काल फोनवर बोललो. ग्रुपवर नाही, एकट्याशी. २००९ चं काढलं तर चिडला, ताईंच्या पुतण्यावर हसला, कायद्याचं ऐकून एकदम शांत झाला. भीतीने ऐकला की पटलं म्हणून, ठाऊक नाही. 'बायकोशी बोलतो' म्हणालाय. एजंटला त्याने व्हॉट्सॲपवरच सांगितलं होतं.

---

चावीवाली:

मग 'बायकोशी बोलतो'वर सोडू नका. तो मेसेज मागे घेतो आणि अर्ज गुणवत्तेवर बघावेत, असं त्याने एजंटला आजच लिहावं. चोख अर्जवाले एका घरावर थांबत नाहीत, चार ठिकाणी अर्ज टाकलेले असतात. शनिवारच्या इन्स्पेक्शननंतर ते कुटुंब दुसरीकडे सही करून मोकळं झालेलं असेल.