नल असलेली भाषा आळशी माणसाने बनवलेली?

रात्रपाळी: काल इथे एकाने ठोकून दिलं, ज्या प्रोग्रामिंग भाषेत नल, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ अशी खूण, आहे ती आळशी माणसाने बनवलेली. पुरावा काय, तर नल काढणारे संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर स्वतःच २००९ मध्ये त्याला अब्ज डॉलरची चूक म्हणाले. अहो, ती चूक १९६५ ची, अल्गोल डब्ल्यू या जुन्या भाषेतली. करायला सोपं होतं, मोह आवरला नाही, हेही त्यांनीच सांगितलंय. मी बारा वर्षं जावा लिहितोय. नल पॉइंटर एक्सेप्शनने, म्हणजे नलला हात लावल्यावर होणाऱ्या क्रॅशने, रात्री दोनला उठवलंय, कबूल. पण नलवर आधीच अडवणाऱ्या कॉटलिन भाषेला गेल्यावर काय झालं? कंपायलर, म्हणजे कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम, ओरडला की आमची पोरं दोन उद्गारचिन्हं ठोकून मोकळी. एका मॉड्यूलमध्ये एकतीस मोजली. क्रॅश तोच, भाषा तेवढी नवी.

अर्धविराम: एकतीस मोजता तरी आली! जावात मोजून दाखवा. तिथे स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असली तर असली, नाहीतर नल. कॉटलिनमध्ये नल येऊ शकतो हे प्रश्नचिन्ह लावून आधी सांगावं लागतं, आणि ती दोन उद्गारचिन्हं म्हणजे ‘माझ्या जबाबदारीवर’ अशी तुमची सही. तुमच्याकडे रिव्ह्यू, म्हणजे कोडची तपासणी, कोण करतं, की करतच नाही?

रात्रपाळी: रिव्ह्यू मीच करतो. आणि जावाची लायब्ररी बोलावली की प्लॅटफॉर्म टाइपमधून, म्हणजे नलची खात्री नसलेल्या जावाच्या प्रकारातून, नल बिनप्रश्नचिन्हाचा आत येतो, ते सोयीने विसरलात.

टेबलवाला: तुमचं चालू द्या. खरा राक्षस एसक्यूएलमध्ये, डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, आहे. नल बरोबर नल का विचारा, उत्तर खरंही नाही, खोटंही नाही. पैसे न भरलेले ग्राहक नॉट इन, म्हणजे ‘या यादीत नसलेले’, लावून काढले. पैसे भरलेल्यांच्या त्या यादीत एक नल होता, रिपोर्ट कोरा. शंभर टक्के वसुली म्हणून साहेबांनी पेढे मागवले होते.

बिनटिंबाची: पेढे तरी मिळाले. माझ्या मुलीला मधलं नाव नाही, आम्ही ठेवलंच नाही. फॉर्मवर त्या रकान्याला लाल तारा. शेवटी टिंब टाकलं. हॉल तिकिटावर टिंब छापून आलं आणि पर्यवेक्षक बाईंनी तिला वीस मिनिटं बाहेर उभं केलं.

अर्धविराम: ताई, म्हणूनच ऑप्शन टाइप हवा, ‘आहे किंवा नाही’ असं उघड सांगणारा.

बिनटिंबाची: नाव नाही, नाव माहीत नाही, नाव सांगायचं नाही. तुमच्या ऑप्शनमध्ये तिन्हींना एकच ‘नन’ (None, काहीच नाही). त्यात नि नलमध्ये मला काय फरक पडला?

अर्धविराम: मग रस्ट भाषेसारखा एनम करा, ठरलेल्या पर्यायांची यादी, तीन व्हेरिएंट. एखादा हाताळायचा राहिला तर मॅच, म्हणजे पर्यायवार निवाडा, कंपाइलच होत नाही.

टेबलवाला: आणि तो एनम माझ्या टेबलात कोण साठवणार? १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदांवर आईचं नावही आलं, तेव्हा एक रकाना वाढवताना आमची दिवाळी गेली. आला मोठा व्हेरिएंटवाला!

अर्धविराम: स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, तुमचा गचाळ, शिव्या मला?

रात्रपाळी: भांडा. उद्गारचिन्हं शोधता येतात एवढं मान्य, बाकी काही नाही. आत्ता परत सर्च मारला. चौतीस झालीत. वाढलेली तीन माझी.