मदत हवी आहे: टेक्सासची किंग रँच आणि आपली कृष्णाकाठची जनावरं

नमस्कार मंडळी,
टेक्सासमधल्या किंग रँच या गुराढोरांच्या अवाढव्य मळ्याच्या इतिहासावर लेख लिहितोय. रिचर्ड किंग या आगबोटीवरच्या कप्तानाने 1853 मध्ये सुरू केलेली ही रँच अजूनही त्याच्या वंशजांकडेच आहे. पसारा सुमारे 8,25,000 एकर! 1946 ची ट्रिपल क्राउन (अमेरिकेतल्या तीन मोठ्या घोडशर्यतींचा एकत्रित मान) जिंकणारा 'असॉल्ट' हा घोडा इथलाच. शिंगरू असतानाच खूर दुखावलेला. चालताना लंगडायचा, पण धावताना नाही.

माझा खरा जीव मात्र गुरांत अडकलाय. शॉर्टहॉर्न या विलायती जातीच्या गाईंना तिथलं ऊन सोसेना, म्हणून ब्राह्मन जातीच्या वळूंशी संकर करून 'सांता गर्ट्रूडिस' ही तांबडी जात तयार केली. 1920 मध्ये जन्मलेला 'मंकी' हा वळू तिचा मूळपुरुष. आणि अमेरिकन ब्राह्मनच्या रक्तात गीर, कांकरेज, ओंगोल या भारतीय जातींबरोबर आपली कृष्णाकाठची 'कृष्णा व्हॅली' जातसुद्धा आहे.

सांगली-मिरज भागातून जनावरं परदेशी गेल्याचे कागद, संस्थानी दप्तरातल्या नोंदी, जुने फोटो कुणाच्या घरी आहेत का? घरातल्या जुन्या माणसांनाही जरूर विचारा. आणि टेक्सासमधल्या किंग्जव्हिल गावाच्या आसपास कुणी राहत असेल, तर तिथल्या रँचच्या संग्रहालयात या जातींबद्दल काय मांडलंय ते कळवाल का?