संथ, लांबलचक फॅन्टसी मालिका आवडीने वाचणारे कोण कोण आहेत? अनुभव लिहा

रॉबर्ट जॉर्डनच्या व्हील ऑफ टाइम मालिकेचं दहावं पुस्तक काल संपवलं एकदाचं. एकूण चौदा, त्यातली मधली तीन-चार म्हणजे सिग्नलला उभी राहिलेली स्लो लोकल. त्यातला एक नायक पेरिन, त्याची बायको नवव्यापासून शत्रूच्या ताब्यात आहे आणि दहाव्यात हा गडी सैन्यासाठी धान्य घ्यायला एका गावात जातो, तर धान्यात पोरकिडे, मग ते पाखडणं आलं. चिडायला हवं होतं, पण मला नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगची गच्ची, मे महिना, आई आणि तिचं सूप असं सगळं आठवत बसलं आणि गाडीत तुर्भे कधी गेलं कळलंच नाही, सानपाड्याला उतरून परत आले. तुमचं लिहा. फक्त शेवट फोडू नका!

*

मी वाचत नाही, ऐकतो. घोडबंदरला गायमुखच्या आसपास गाडी अडकली की हीच मालिका ऑडिओबुकवर लावायची. पुरुष पात्रांची प्रकरणं मायकल क्रेमर वाचतो, बायकांची केट रीडिंग. पहिल्या गिअरमध्ये असताना समोरची गोष्ट पण पहिल्या गिअरमध्ये असली तर त्रास होत नाही हो. रस्ता मोकळा मिळाला की मात्र वैताग येतो.

*

मी टोलकीनवाला, म्हणजे लॉर्ड ऑफ द रिंग्ज. त्यातली एल्रॉन्डची सभा म्हणजे आमच्या सोसायटीची एजीएम, प्रत्येक जण आधी मागचा इतिहास उगाळणार आणि मुद्दा सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा तिथेच पुस्तक मिटलं होतं. दुसऱ्या वाचनात तेच प्रकरण सगळ्यात जास्त आवडलं, कारण आता माणसं ओळखीची झालेली, कोण का कुरकुरतोय ते कळत होतं. आणि सिनेमा बघून येणाऱ्यांनो, पुस्तकात बिल्बोच्या पार्टीनंतर नायक फ्रोडो घर सोडतो तो 17 वर्षांनी. सतरा! आमचं रिडेव्हलपमेंट पण त्याआधी होईल असं वाटलं होतं.

*

व्हील ऑफ टाइम तिसऱ्यात सोडलं. त्यातली ती नायनीव्ह सारखी वेणी ओढते, माझेच केस उपटायची वेळ आली. क्षमस्व. धागा छान आहे.

*

तुमचं निदान संपलेलं तरी आहे. जॉर्डन 2007 मध्ये गेला तरी सँडरसन नावाच्या दुसऱ्या लेखकाने त्याच्या टिपणांवरून शेवटची तीन पुस्तकं लिहिली आणि 2013 ला विषय संपवला. मी गेम ऑफ थ्रोन्सवाल्या मार्टिनच्या नादी लागले. पाचवं पुस्तक 2011 ला आलं तेव्हा लेक सीवूड्सला बालवाडीत होती, आता कॉलेजात आहे, सहाव्याचा पत्ता नाही. ती विचारते, आई अजून तेच? म्हटलं हो, तू पण वाच, घाई कुठेय.

*

मी सत्तरीचा, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून जाडजूड पुस्तकं आणायची सवय, ही व्हील ऑफ टाइम नातवाने दिली. तुम्ही ज्याला रटाळ म्हणताय ते आम्हाला नवीन नाही. वनपर्वात पांडव रानात बसलेत आणि ऋषी येऊन नलदमयंती सांगतायत, सावित्री सांगतायत, युद्ध राहिलं बाजूला. आमची आजी चातुर्मासात पोथी ऐकताना तिथेच सगळ्यात जास्त रमायची, युद्धाला तिला पेंग यायची. नातवाला हे सांगितलं तर म्हणतो, आबा, सहावं संपवा आधी.

*

आबा _/\_. अकरावं आज उघडलंय. पेरिनची बायको अजून सुटलेली नाही. 8:10 च्या वाशी गाडीला कोणी असाल तर तुर्भे आलं की मला हलवा.