घरी गेलो होतो आणि बातमी आली

राजकीय हत्येची बातमी आली तेव्हा तुम्ही सुट्टीला घरी होतात का? त्या दिवशी घरात कोण काय बोललं ते लिहा. पक्षांवरची चर्चा नको. सुरुवात मी करते.

३१ ऑक्टोबर १९८४. दिवाळीला सातारा जिल्ह्यात माहेरी आले होते. भाऊबीज उलटली तरी आईनं ठेवून घेतलं होतं. दुपारी ती माझ्या डोक्याला तेल लावत होती, तेवढ्यात वडील आले आणि चपलांसकट आत जाऊन त्यांनी रेडिओ लावला. ‘इंदिराबाईंना गोळ्या घातल्या.’

आजीनं विचारलं, ‘कुणी?’

‘त्यांच्याच अंगरक्षकांनी.’

‘ते नव्हे रे. कुठले होते ते?’

‘शीख’ हा शब्द ऐकला आणि आजी उठून मागच्या दाराला अडसर घालून आली. १९४८ साली, गांधीजींना मारणारा आमच्या जातीचा एवढ्यावरून, आमचं घर जाळलं होतं. दोन पोरांना घेऊन ती रात्रभर ज्वारीच्या रानात बसली होती. ‘आता त्यांची घरं पेटणार,’ एवढंच म्हणाली. रात्री जेवली नाही. दिल्लीत सरकारी आकड्यानुसारच २,७३३ शीख मारले गेले. ते आकडे आले तेव्हा आजी नव्हती. अडसराचा तो आवाज मात्र माझ्या कानात अजून आहे.

*

मे १९९१, मामाचं गाव. राजीव गांधी गेल्याचं सकाळी कळलं. मामीनं रसासाठी माचवलेले आंबे तसेच झाकून ठेवले. आईनं पहिल्यांदा विचारलं ते हेच, ‘मारणारे कुठले?’ मी बारा वर्षांचा होतो. याने काय फरक पडतो, असं वाटलं होतं. तुमच्या आजींचं वाचून आज कळलं.

*

पुणे, ऑगस्ट २०१३. राखीला घरी आले होते. बाबा रोज सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावरून फिरायला जायचे. २० तारखेला तिथेच डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. बाबांचा मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला. मी आणि आई जिन्यात उभ्या. ते आले, बुटांची नाडी सोडायला वाकले आणि तसेच बसून राहिले. दाभोलकर ज्यासाठी झगडत होते तो जादूटोणाविरोधी वटहुकूम त्याच आठवड्यात निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, ‘माणूस होता तेव्हा नाही काढता आला?’ खुनाच्या दुसऱ्या दिवशी ते त्याच वेळी, त्याच पुलावरून गेले. मी सोबत गेले.

*

कोल्हापूर, फेब्रुवारी २०१५. बाळंतपणाला आले होते. १६ तारखेला सकाळी फिरून येताना कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या. २० तारखेला पानसरे गेले. ते चार दिवस आईनं टीव्ही लावू दिला नाही. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी बाळाच्या अंगावर पाणी ओतता ओतता हात थांबवला. ‘सकाळचं फिरायलाबी जायचं न्हाई काय आता माणसानं?’