पावती मागणारे बाबा, आणि वाहतूक पोलिसांनी अडवल्यावरचे तुमचे अनुभव

लोकमान्यनगरची लेक
परवा बाबांच्या जुन्या बजाज स्कूटरची डिकी रिकामी करत होते. प्लग उघडण्याचा पाना, कडक झालेले फडके आणि त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला एक कागद हाती लागला. ती १९९४ मधली, बाबांचे लायसन्स ताब्यात घेतल्याची पावती होती. कार्बनची जांभळी अक्षरे बरीच पुसट झाली आहेत, पण समासात बाबांनी पेन्सिलीने लिहिलेली वेळ अजून स्पष्ट वाचता येते : ५.४०.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि स्कूटरवर पुढे उभी होते. इंदूरच्या जवाहर मार्गावर बाबांकडून सिग्नल मोडला गेला आणि आम्हाला अडवण्यात आले. बाबांचे लायसन्स खिशात घालून अडवणारे पोलीस म्हणाले, “कल थाने आ जाना.” बाबा म्हणाले, “जरूर आऊँगा, बस रसीद दे दीजिए.” हे वाक्य त्यांनी किती वेळा उच्चारले ते मला सांगता येणार नाही, परंतु प्रत्येक वेळी त्याच स्वरात उच्चारले, एवढे पक्के आठवते. मला रडू आले, उन्हाने स्कूटरचा पत्रा तापला होता, आणि महाराष्ट्र साहित्य सभेच्या वाचनालयातून पुस्तक बदलून आणण्याचा बेत तर केव्हाच बारगळला होता. अखेर कोणीतरी पावतीपुस्तक घेऊन आला. गंमत म्हणजे सिग्नल आपण मोडला नाही, असे बाबा एकदाही म्हणाले नाहीत. दंड त्यांना मान्य होता. पावतीशिवाय लायसन्स देणे तेवढे मान्य नव्हते.

तुम्हाला कोणी अडवले असेल, तुम्ही काही मागितले असेल किंवा मागायचे राहून गेले असेल, तर कृपया लिहा.

धुळे-इंदूर वारकरी
आमच्या घरात एमएच-१२ क्रमांकाची गाडी आहे, त्यामुळे या विषयावर मी अधिकारवाणीने बोलू शकतो. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. गेल्या वर्षी तो पाच-सहा महिने घरूनच काम करत होता आणि गाडी इथेच होती. एबी रोडवर त्याला तीन वेळा थांबवले आणि तिन्ही वेळा एकच सांगितले, की दुसऱ्या राज्याची गाडी आहे, इथला कर भरावा लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे एका राज्यात झालेली नोंदणी देशभर चालते. कलम ४७ प्रमाणे गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तरच नवा क्रमांक घ्यावा लागतो. हे मुलाला पाठ होते. अडचण अशी, की गाडी किती महिन्यांपासून इथे आहे हे रस्त्यावर उभे राहून सिद्ध कसे करायचे? तिसऱ्या वेळी त्याने फोनमधला फास्टॅगचा संदेश काढून दाखवला. राज्याच्या हद्दीजवळ, सेंधव्याकडच्या टोलवर पैसे कापले गेल्याची तारीख आणि वेळ त्यात होती. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि “ठीक है, जाओ” म्हणून वाट मोकळी करून दिली. तेव्हापासून टोलचे संदेश पुसायचे नाहीत, असा आमच्या घरात दंडकच झाला आहे.

काळा कोट, निवृत्त
लेकीचे अभिनंदन, आणि तिच्या बाबांचे अधिक. त्यांनी मागितलेली पावती ही मेहरबानी नव्हती. आरोपी पळून जाईल किंवा समन्स टाळेल असे वाटले, तर पोलीस अधिकारी लायसन्स ताब्यात घेऊ शकतो, परंतु त्याची तात्पुरती पोच दिलीच पाहिजे, असे कलम २०६ सांगते. पुढचा भाग फार थोड्यांना ठाऊक असतो : लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येते. म्हणजे त्या संध्याकाळी बाबा तुम्हाला घेऊन घरी आले ते पूर्णपणे कायदेशीरपणे आले. पावती मिळाली नसती, तर पुढच्याच चौकात विनालायसन्स ठरले असते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स घेण्याची कारणे वाढली आहेत. हेल्मेट नसणे, धोकादायक गाडी चालवणे आणि मद्यपान ही त्यांतली काही. पोच मागण्याचे कारण मात्र जिथल्या तिथे आहे.

एक गैरसमजही दूर करतो, कारण त्याचा संदेश दर पावसाळ्यात माझ्या फोनवर येतो. ‘साधा शिपाई लायसन्स मागूच शकत नाही,’ असे त्यात लिहिलेले असते. हे चूक आहे. कलम १३० प्रमाणे गणवेशातला कोणताही पोलीस लायसन्स मागू शकतो आणि ते दाखवणे बंधनकारक आहे. विमा, नोंदणी आणि पीयूसी मागणाऱ्या पोलिसाला मात्र राज्य सरकारने तसा अधिकार दिलेला असावा लागतो; ते कलम १५८. जागेवर तडजोड करून, म्हणजे प्रकरण न्यायालयात न नेता, दंड घेणे हा आणखी वेगळा अधिकार झाला. तो कलम २०० खाली अधिसूचनेने ठरवलेल्या दर्जाच्या अधिकाऱ्यांनाच असतो. तडजोड मान्य नसेल, तर प्रकरण न्यायालयात पाठवा असे आपण म्हणू शकतो. अर्धवट संदेश वाचून शिपायाशी हुज्जत घालणारे अशील मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची मूळ चूक शंभर-दोनशे रुपयांची असे, आणि हुज्जतीने ती वाढत जाई.

सुदामानगर
वकीलकाका, तुमचा संदेश मलाही येतो, आणि पाठवणारे माझे सासरे आहेत.

माझ्या मुलीचा अनुभव सांगते. भंवरकुआंकडे तिच्या शिकवणीच्या वाटेवर तिला थांबवले. लायसन्स घरी राहिले होते, म्हणून तिने फोनमधला त्याचा फोटो दाखवला. तो चालणार नाही असे सांगितल्यावर तिने नियमाचा दाखला दिला, की केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक कागद चालतात. नियम खरा आहे. २०१८ मध्ये त्यात तशी दुरुस्ती झाली, आणि ऑक्टोबर २०२० पासून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पडताळलेला कागद छापील स्वरूपात मागायचा नाही असेही त्यात आले. परंतु गॅलरीतला फोटो म्हणजे डिजिलॉकर या सरकारी ॲपमधला कागद नव्हे, आणि त्या पोलिसाचे म्हणणे बरोबर होते. शेवटी त्यानेच तिला झाडाच्या सावलीत उभे करून एमपरिवहन हे सरकारी ॲप उतरवायला लावले. चालान झाले नाही. अर्धा तास गेला आणि मुलीचा ताठा थोडा कमी झाला, ही माझी कमाई.

ओटीपीग्रस्त
आमच्या कुटुंबात सर्वांचे आधार वडिलांच्या क्रमांकाशी जोडलेले आहे. पोलिसासमोर डिजिलॉकर उघडायचे असेल, तर वडिलांना फोन करून ओटीपी विचारावा लागतो. मग कुठे आहेस, का थांबवले आणि हेल्मेट घातले होतेस की नाही, ही चौकशी पोलिसाच्या चौकशीपेक्षा जास्त वेळ चालते.

नौलखा
मी मागायचे राहून गेलेल्यांपैकी आहे. सीटबेल्ट लावला नव्हता आणि आईला डॉक्टरांकडे न्यायचे होते. “रसीद चाहिए तो पूरा लगेगा” असे ऐकल्यावर मी २०० रुपये दिले आणि निघालो. मागच्या सीटवरून आईने विचारले, “पावती दिली का रे त्याने?” मी “हो” म्हटले. पैशांपेक्षा ते “हो” मला अधिक बोचते. नाव वाचावे, असेही तेव्हा सुचले नाही.

काळा कोट, निवृत्त
नौलखा, मन मोकळे केलेत हे चांगले केलेत, तरी जाणून असा, की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. लाच देण्यास भाग पाडले गेले असेल आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले असेल, तरच कायदा देणाऱ्याला सोडतो. पावतीची किंमत ‘पूरा’ असली, तरी ती पुष्कळदा स्वस्तच पडते.

शांत पलासिया
सानंद या इथल्या सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाहून रात्री परतताना आमची गाडी थांबवून यजमानांना यंत्रात फुंकायला सांगितले. ते आयुष्यात चहाच्या पुढे गेलेले नाहीत, त्यामुळे भीती नव्हती. मला भीती त्या नळीची होती. आधीच्या माणसाने फुंकलेली नळी तशीच पुढे येत होती. मी काच खाली करून म्हटले, “भैया, नली नई लगा दीजिए.” त्याने मान डोलावली, खिशातून वेष्टनातली नळी काढली, आमच्यासमोर फाडली आणि लावली. आकडा शून्य आला. कलम १८५ मधली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे, हे यजमानांनी मला घरी पोहोचेपर्यंत तीनदा सांगितले, जणू ते त्या मर्यादेच्या अगदी जवळून परत आले होते.

परदेशीपुरा
माझ्या महाविद्यालयाच्या काळातली गोष्ट आहे. एकाने येऊन थेट मोटारसायकलची किल्ली काढली. माझ्याकडे सगळे कागद होते, हेल्मेट होते, तरी हात थरथरू लागले. रस्त्यावर किल्ली उपटून घेण्याची मुभा देणारे कलम कायद्यात नाही, हे मला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा एवढेच सुचले, की मी गाडीवरून उतरलो, स्टँड लावला आणि म्हणालो, “मैं कहीं नहीं जा रहा, चाबी लगा दीजिए.” त्याने किल्ली परत लावली. उतरलेल्या माणसाची किल्ली धरून ठेवायला त्यालाही बहुधा अवघड वाटले असावे.

खाकीवाल्याची बायको
मी वाचतच होते, आता लिहिते. माझे यजमान वाहतूक विभागात आहेत. किल्ली काढू नये हे त्यांनाही मान्य आहे. मात्र दिवसातून दोन-तीन गाड्या थांबल्यासारखे दाखवून पायावर चाक घालत पळतात, हेही कोणीतरी लिहिले पाहिजे. मेमधल्या उन्हात आठ तास उभे राहून घरी आल्यावर मोजे काढले, की घोट्याच्या वर पांढरी रेघ दिसते. तुम्ही पावती मागा, दर्जा विचारा, ते उत्तर देतील. फक्त फोन तोंडासमोर धरून सुरुवात करू नका. नाव छातीवर लिहिलेले असते, ते वाचून हाक मारा.

काळा कोट, निवृत्त
ताई, अगदी योग्य. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर स्पष्ट वाचता येणारी नावाची पट्टी असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्येच सांगितले आहे. चालान म्हणजे अटक नव्हे, तरी वाचता येणारे नाव दोन्ही बाजूंना सभ्य ठेवते, असा माझा अनुभव आहे.

लेकी, एक शंका आहे. लायसन्स परत देताना पोच जमा करून घेतात. मग ती मूळ पावती तुमच्या बाबांच्या डिकीत कशी राहिली?

लोकमान्यनगरची लेक
काका, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आत्ता बाबांना विचारून आले. ते ८१ वर्षांचे आहेत, पण हे त्यांना लख्ख आठवते. दंड भरल्यावर कारकुनाने लायसन्स दिले आणि पावती परत मागितली. बाबांनी ती पुढे केली आणि पावती परत केल्याची पावती मागितली. कारकुनाने त्यांच्याकडे पाहिले, हसला आणि तोच कागद त्यांच्या खिशात घालून म्हणाला, “मास्साब, यही रख लीजिए.”