स्विफ्ट आहे, ट्रॅकवर चालवायला शिकायचंय, मुंबईत सुरुवात कुठून करू?

मुलुंडची_स्विफ्ट
नमस्कार मंडळी. वय 29, आयटीत नोकरी, गाडी 2019 ची स्विफ्ट पेट्रोल मॅन्युअल. रेसिंगचं वेड शाळेपासूनच, आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला 2020 ला बहरीनच्या साखीर ट्रॅकवर एफ-टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची, रेस जिंकला तेव्हा ते परत उफाळून आलं आणि अजून काही बसलेलं नाही. मला काय रेसर बिसर व्हायचं नाहीये, या वयात कोण घेणारे, पण गाडी तिच्या लिमिटपर्यंत कशी नेतात ते नीट शिकायचंय आणि जमलं तर एखाद्या ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानात आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर एकेकट्याने वेळ लावून गाडी पळवतात त्या स्पर्धेला, नाव द्यायचंय. लोचा असा की मुंबईत धड ट्रॅक नाही आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. एक मित्र म्हणतो आधी रिमॅप कर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पॉवर वाढव, आणि टायर बदल, दुसरा म्हणतो रात्री एकनंतर नवी मुंबईच्या पाम बीच रोडला ये, सगळं शिकवतो. पैसे थोडेच आहेत, ते गाडीवर घालू की शिकण्यावर? आणि दुसरं म्हणजे घाटात वगैरे मी चांगली चालवतो, मग वेगळं असं नक्की काय शिकायचं असतं?

क्लचप्लेट
गाडीवर एक रुपया घालू नकोस. स्विफ्ट हलकी आहे, जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस आहे, शिकायला अजून काय पाहिजे.

मुंबईत चालवून चालवून आपल्याला ज्या सवयी लागतात ना त्या मोडणं हेच पहिलं काम. एक म्हणजे नजर. आपण पुढच्या रिक्षाच्या बंपरकडे बघत चालवतो कारण तो कधी थांबेल याचा भरवसा नसतो. ट्रॅकवर बंपरकडे बघत राहिलास तर गेलास. वळणात शिरायच्या आधी नजर एपेक्सवर (वळणाच्या आतल्या कडेला गाडी सगळ्यात जवळ जाते तो बिंदू), एपेक्स येतोय तोवर नजर बाहेर पडायच्या जागेवर, म्हणजे गाडीच्या नाकापेक्षा डोळे कायम पुढे. सांगायला सोपं आहे, करताना मान वळतच नाही, इन्स्ट्रक्टर शेजारी बसून अक्षरशः बोट दाखवत असतो, तिकडे बघ तिकडे बघ.

दुसरं ब्रेक. सिग्नलला आपण कसा मारतो, आधी हलका, मग गाडी जवळ आली की जोरात. ट्रॅकवर बरोबर उलटं. सुरुवातीलाच जोरात दाबायचा म्हणजे वजन पुढच्या चाकांवर येतं, टायर रस्ता धरतात, आणि मग वेग उतरेल तसा पाय हळूहळू सोडायचा. सोडताना जो धीर धरावा लागतो त्यात खरी गंमत आहे. एकदम सोडलास तर नाक वर येतं, पुढची पकड कमी होते आणि स्टिअरिंग फिरवून पण गाडी सरळच जाते. आपल्या सगळ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅकचा हा आजार. नवीन माणूस घाबरून स्टिअरिंग अजून फिरवतो, तिथे खरं तर ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग थोडं सरळ करायचं असतं. ब्रेक वळणात थोडा आत नेणं म्हणजे ट्रेल ब्रेकिंग, ते नंतर. पहिल्या दिवशी ब्रेकिंग सरळ रेषेत संपवायचं, बस.

वेगाचा हिशोब पण डोक्यात ठेव. 60 आणि 80 मध्ये फरक 20 चाच दिसतो पण थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरवर 60 ला साधारण 18 मीटर लागत असतील तर 80 ला 31-32, ते पण नुसतं ब्रेकिंगचं, तू विचार करण्यात घालवलेला वेळ वेगळा.

सुरुवात कार्टिंगने कर, म्हणजे त्या छोट्या, उघड्या रेसिंग गाड्यांनी. भाड्याचं का होईना. कार्टला सस्पेन्शन नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, त्यामुळे तू काय चुकलास ते तिथल्या तिथे बुडाला कळतं. गाडी आडवी घातली की भारी वाटतं, पण तेवढ्यात आरपीएम पडतो आणि ते छोटं इंजिन परत वर यायला वेळ घेतं. लॅप संपल्यावर टायमिंगचा कागद बघ, जो लॅप तुला बोअर वाटला तोच फास्ट निघतो. बरगड्या दुखतील, ते धरून चाल.

टर्बो_लॅग
सगळे कार्टिंग कार्टिंग करतात पण दर आठवड्याला दहा मिनिटांसाठी कोण पैसे घालवणार? सिम, म्हणजे घरचा ड्रायव्हिंग सिम्युलेटर, घे भावा. सेकंडहँड जी-29 स्टिअरिंग आणि असेटो कोर्सा हा गेम, घरात बसून लाइन (वळणातून जायचा सगळ्यात फास्ट रस्ता) पाठ होते, आपटलास तर रिसेट. आणि रिमॅपला इतकं नावं ठेवायची पण गरज नाही, स्विफ्ट सरळात मरते राव.

क्लचप्लेट
सिमला माझा विरोध नाही, लाइन आणि नजर दोन्हीला उपयोग होतो. पण सिममध्ये बुडाखाली काही हलत नाही, आणि भीती वाटत नाही. भीती वाटत असताना पाय हळू सोडायला शिकणं, तेच तर शिकायचंय. सरळात मरते म्हणूनच स्विफ्ट चांगली. पॉवर वाढवलीस की वळणातला वेडेपणा सरळ रस्त्यावर झाकला जातो.

वसईवाला
पाम बीचवाल्या मित्राला नमस्कार सांग आणि घरी झोप. मोटर वाहन कायद्याचं कलम 189, रस्त्यावर रेस किंवा स्पीडची ट्रायल, पहिल्यांदा सापडलास तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि दंड सोड, तिथे रात्री एकला सायकलवरून घरी जाणारा वॉचमन असतो, त्याने काय केलंय तुझं?

अजून एक कोणी सांगत नाही. इन्शुरन्सचा कागद काढून वाच, वापराच्या अटींमध्ये ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग चालत नाही असं लिहिलेलं असतं. म्हणजे रीतसर इव्हेंटला गेलास आणि गाडी ठोकलीस तरी खर्च तुझाच. ईएमआय चालू असेल तर स्वतःची गाडी नेऊच नको. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, 2003 चा, जेमतेम दोन किलोमीटरचा, तिकडे रेसिंग स्कूलच्या गाडीत शिकता येतं. चेन्नईजवळ इरुंगट्टूकोट्टईचा ट्रॅक 1990 पासून आहे. लांब पडतं कबूल, पण स्विफ्ट बाराशे-तेराशे किलोमीटर चालवत नेऊन परत आणण्यापेक्षा ट्रेनने जाऊन त्यांची गाडी वापरणं स्वस्त पडेल, हिशोब करून बघ.

नॅव्हिगेटर_ताई
टीएसडी रॅलीचं कोणी नाव पण घेतलं नाही? मुंबईत ती सगळ्यात सोपी सुरुवात आहे. चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन बायकांची रॅली करते, मी त्यातूनच आले. टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे सरासरी वेग ते देणार आणि तो पण रस्त्याच्या लिमिटच्या आत, लवकर पोचलात तरी पेनल्टी आणि उशीर झाला तरी पेनल्टी. टर्बोवाले हसतील, पण टोलनाक्याच्या रांगेत गेलेला दीड मिनिट पुढे कसा भरून काढायचा, तो पण न हाणता, हे एकदा करून बघा. ड्रायव्हर आणि शेजारी बसून रस्ता-वेळेचा हिशोब ठेवणारा नॅव्हिगेटर नवरा-बायको असतील तर गाडीतली भांडणं ऐकण्यासारखी असतात, तो वेगळा विषय.

मुलुंडची_स्विफ्ट
ताई, वसईवाले काका, क्लचप्लेट भाऊ, सगळ्यांचे आभार. म्हणजे रिमॅप कॅन्सल, आधी कार्टिंग, मग पैसे साठवून कोइम्बतूर. तरी समजा इकडे कुठे मातीतला ऑटोक्रॉस लागला आणि स्वतःची गाडी न्यायचीच ठरवली तर कमीत कमी काय करून घेऊ? आणि बाइकचं हेल्मेट चालेल का?

क्लचप्लेट
ब्रेक फ्लुइड नवीन टाक, बाकी सगळं नंतर. ते हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट-4 दर्जाचं फ्लुइड ताजं असताना किमान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं असलं की ही हद्द 155 वर येते. उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि ते नेमकं वळणाच्या तोंडाशी कळतं. मातीत एका मिनिटाच्या रनला इतकं तापणार नाही, पण डांबरावर सलग लॅप मारलेस तर नक्की. सेशन संपल्यावर एक लॅप हळू मार आणि पार्किंगला हँडब्रेक ओढू नको, गिअरमध्ये ठेव.

सीट अशी लाव की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या टोकावर आलं पाहिजे, क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला. हात नऊ आणि तीनवर, खिडकीत कोपर नाही. गाडीतलं सगळं सुटं सामान बाहेर, पाण्याची बाटली, छत्री, डिकीतली स्टेपनी पण. डॅशबोर्डवरचा बाप्पा चिकटवलेला असला तरी काढून खिशात ठेव, चेकिंगला तेच सांगतात.

हेल्मेटचं आयोजकांना आधी विचार. भाड्याच्या कार्टला ते देतात ते घालून भागतं. पण विकतच घेणार असशील तर स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए (कार रेसिंगचं) रेटिंग बघ, बाइकवाल्या एम रेटिंगच्या आतलं अस्तर आगीला टिकेल असं नसतं, एसएचं असतं. बूट पातळ सोलचे घे. जाड रनिंग शूज घातलेस तर ब्रेक किती दाबला गेलाय तेच कळत नाही, आणि क्रॉक्स घालून आलास तर गेटवरूनच परत पाठवतील.