क्षयरोग: रुग्णाबरोबर घरच्यांच्या ताटाचाही विचार हवा

औषधे नियमित घेतली की क्षयरोग बरा होतो आणि आहाराचा मुद्दा दुय्यम आहे, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. औषधांना पर्याय नाही हे निर्विवाद. पण आजार घरातल्या इतरांना होऊ नये यासाठी आहार काय करू शकतो, याचा त्यात विचारच नाही. डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव आणि चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेतील सहकाऱ्यांनी झारखंडमधील चार जिल्ह्यांत केलेली ‘रेशन्स’ चाचणी 2023 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत शिधा सगळ्याच रुग्णांना मिळाला. एका गटात मात्र घरातल्या प्रत्येकालाही दरमहा 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या (दहा वर्षांखालील मुलांना शिधा निम्मा). त्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा 39 टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयरोगाचे सुमारे 48 टक्क्यांनी कमी राहिले. इतक्या साध्या धान्याने एवढा फरक पडावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

क्षयरुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या नि-क्षय पोषण योजनेतील रक्कम नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 500 वरून 1000 रुपये झाली हे चांगलेच आहे, परंतु ती रुग्णाच्या नावाने येते आणि घरात चूल एकच असते. माझ्या ओळखीच्या एका घरात रुग्ण आईसाठी आणलेली अंडी ती स्वतःच मुलांच्या ताटात वाढत असे. तिला दोष कसा द्यावा? शिधा देताना माणसे मोजूनच तो दिला पाहिजे.